मध्येच कुणी बोललं, तर गड्डी खाली ठेवायची

"मॅडम, मोबाइलवर बँकेचं काही करायचं म्हटलं की हात थरथरतो." कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "एवढं शिकून मला कसं कळलं नाही?" निवृत्त मास्तर, मार्केट यार्डातले गुळाचे अडते, एकदा तर कॉम्प्युटर इंजिनिअर मुलगा. पैसे गेल्याचं दुःख घेऊन येतात असं वाटतं. दुसऱ्या भेटीत कळतं की खरी जखम अकलेला झालेली असते.

शैलाताईंनी (नाव आणि थोडे तपशील बदललेत) एका सहकारी बँकेत 31 वर्षं कॅशियरचं काम केलं. नोव्हेंबरात त्यांना फोन आला. "आई, तुमचा हयातीचा दाखला अपडेट नाही. संध्याकाळपर्यंत झाला नाही तर पेन्शन थांबेल." मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आली. नाव बँकेचं, शेपटी 'एपीके' अशी. ती उघडली तसं मोबाइलमध्ये अ‍ॅप बसलं, त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, ताईंनी दिली. पुढच्या फॉर्मात कार्डाचे तपशील भरून घेतले. ओटीपी आपण कुणालाच सांगितला नाही, हे ताई आजही ठासून सांगतात. खरंच आहे ते. सांगायची गरजच नव्हती, अ‍ॅपनं तो परस्पर वाचला. तीन व्यवहारांत 1 लाख 84 हजार रुपये गेले.

नऊ दिवस त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. मुलानं पासबुक भरून आणलं तेव्हा फुटलं. मग मोबाइल कपाटात गेला, पेन्शनचा हिशेब मुलाकडे गेला आणि ताई देवघरापुरत्या उरल्या.

"मी मूर्ख आहे, दुसरं काय? पोरगं म्हणतंय ते खरंय."

"31 वर्षांत कॅश कधी कमी पडली?"

"दोनदा. दोन्ही वेळा पदरचे घातलो." (कोल्हापुरात बायकाही 'घातलो', 'गेलो' म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.)

"म्हणजे दोनदा मूर्ख ठरलात?"

"ती चूक होती हो!"

"आणि ही?"

उत्तर आलं नाही. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची. 'मी फसले' ही घटना आणि 'मी मूर्ख' हा आपण तिला जोडलेला शेरा, एवढा फरक माणसाला दिसला की निम्मं काम होतं, असं माझं वर्षानुवर्षांचं मत आहे. पण ताईंना तो फरक पटला तरी भीती हलेना.

ती हलली तिसऱ्या भेटीत. सहज विचारलं, "पगाराच्या दिवशी काउंटरवर गर्दी, तुम्ही गड्डी मोजताय, आणि मध्येच कुणी बोललं तर?"

"गड्डी खाली ठेवायची. पहिल्यापास्नं मोजायची. समोर चेअरमन असला तरी."

बोलता बोलता त्यांचा अंगठा हवेत नोटा सरकवत होता. तो थांबला. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "त्या फोनवरच्या पोरानं मला गप्प बसूच दिलं नाही हो. फोन ठेवू नका आई, ठेवला तर सगळं परत करावं लागेल, असं म्हणत राहिला. आणि मी... गड्डी खाली ठेवलोच नाही."

मी त्या क्षणी काही बोलले नाही, आणि ते बरंच केलं. मला मात्र माझ्याही डोक्यातली एक चूक दिसली. तोवर मी लोकांना माहिती देत होते: हे करा, ते करू नका. ताईंना माहिती मुबलक होती. चोर माहितीवर हल्ला करत नाही, तो आपली मोजदाद मोडतो, आणि मोडली हे कळू देत नाही. सीबीआय अधिकारी बनून 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देणारेही माणसाला तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर धरून ठेवतात ते याचसाठी. आपल्या कायद्यात तसली अटकच नाही.

म्हणून आता मी आधी फोन ठेवायला शिकवते. "बँकेत येऊन भेटतो" एवढं म्हणायचं आणि कट करायचं. मग पासबुकावरच्या किंवा कार्डामागच्या नंबरवर आपण फोन लावायचा, इंटरनेटवर शोधलेल्या नंबरवर नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो पैसे पाठवायला लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं अ‍ॅप बसवायचं नाही. चुकून बसवलंच, तर मोबाइलचं इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं. आणि पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडूच नये. त्यासाठी वेगळं खातं, त्यात आठवड्याच्या भाजीपाल्यापुरतेच पैसे.

पैसे गेलेच, तर पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. लवकर कळवलं तर पैसे वाटेतल्या खात्यात गोठवता येतात. नऊ दिवसांत ते कुठल्या कुठे गेलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकातही वेळेलाच महत्त्व होतं. त्यात म्हटलं होतं: चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. तक्रारीचा नंबर मात्र लिहून घ्यायचा.

ताईंच्या मुलाला मी वेगळं बसवून घेतलं. "आई नऊ दिवस का गप्प होती?" तो म्हणाला, "घाबरली." "कुणाला?" त्याचं उत्तर त्यालाच द्यायला लावलं. 'तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?' हे वाक्य ज्या घरात आहे, त्या घरात 1930 ला फोन उशिराच जातो.

मग मोबाइल कपाटातून निघाला. कपिलतीर्थ मंडईत 10 रुपयांची कोथिंबीर, दुकानदाराचं नाव स्क्रीनवर वाचून मगच पिन. पहिल्या दिवशी म्हणे घाम फुटला. आठवड्याभरात भाजीवालीच म्हणाली, "मावशी, किती वेळ वाचतासा!"

शेवटच्या भेटीत फी मात्र रोखच दिली. पाकिटातून नोटा काढून मोजायला लागल्या. मी विसरून विचारलं, "मुलगा न्यायला येणार आहे का?"

नोटा टेबलावर ठेवल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाही, रिक्षानं जातो." मग उचलल्या आणि पहिल्यापासून मोजल्या.