मोफत प्रवेशासाठी विमानाची तारीख बदलावी का?

नमस्कार,

आपल्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरमध्ये आपण, आपले यजमान आणि १५ वर्षांची कन्या असे तिघे लंडन, पॅरिस आणि माद्रिद अशा दहा रात्रींच्या सहलीला निघत आहात. विमानाची तिकिटे काढून झाली आहेत. कन्येला पुढे चित्रकला शिकायची असल्यामुळे सहलीत संग्रहालयांनाच प्राधान्य आहे, परंतु खर्चाची मर्यादा कडक आहे. पॅरिसमधील लूव्र संग्रहालय महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी आणि ओर्से संग्रहालय महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत पाहता येते, हे समजल्यावर तारखा चार दिवस अलीकडे आणाव्यात आणि पॅरिसचा मुक्काम एका रात्रीने वाढवावा, असे आपल्या मनात आले आहे. तिकिटांच्या बदलाचे २४,००० रुपये आणि वाढीव रात्रीचे १४,००० रुपये लागतील, असे आपण कळवले आहे. यजमानांचा आग्रह मात्र लंडन आणि पॅरिस या दोन्ही शहरांचे पास, म्हणजे एकदाच पैसे भरून अनेक ठिकाणी प्रवेश देणारी तिकिटे, तिघांसाठी आधीच घेऊन टाकण्याचा आहे.

मला या दोन्हींपैकी एकही मार्ग आपल्यासाठी योग्य वाटत नाही. आपल्या योजनेत प्रवेशशुल्क वाचवण्यासाठी त्याच्या कित्येक पट पैसे खर्च होतात, आणि यजमानांच्या योजनेत ज्या गोष्टी मुळातच मोफत आहेत त्यांच्यासाठी पैसे मोजले जातात.

आधी आपल्या योजनेचा हिशेब पाहू. जानेवारी २०२६ पासून लूव्रने युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्या प्रौढ प्रेक्षकांसाठी तिकीट ३२ युरो केले आहे. ओर्सेचे तिकीट साधारण १६ युरो धरावे. दोन्ही ठिकाणी १८ वर्षांखालील सर्वांना प्रवेश मोफत असतो, मग ते कोणत्याही देशाचे नागरिक असोत. म्हणजे आपल्या कन्येचे तिकीट या हिशेबात येतच नाही आणि पैसे भरायचे ते फक्त आपण दोघांनी. लूव्रचे ६४ आणि ओर्सेचे ३२ मिळून ९६ युरो होतात. सोयीसाठी एक युरो शंभर रुपयांचा धरला, तर तारखा जुळवून आपले वाचणार ते सुमारे ९,६०० रुपये, आणि ते वाचवण्यासाठी जाणार ३८,००० रुपये. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच प्रकार आहे.

शिवाय या दोन मोफत दिवसांचे आपसातील अंतर दर महिन्याला सारखे नसते. बहुतेक महिन्यांत पहिला शुक्रवार आधी आणि पहिला रविवार त्यानंतर दोनच दिवसांनी येतो. परंतु महिना शनिवारी किंवा रविवारी सुरू झाला, तर रविवार आधी येतो आणि शुक्रवार त्यानंतर पाच दिवसांनी. तशा महिन्यात एका वाढीव रात्रीत दोन्ही साधणे शक्यच होत नाही. लूव्रची सवलत संध्याकाळी सहानंतरच सुरू होते, जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत ती मिळत नाही आणि तिच्यासाठीही वेळ आधी आरक्षित करावी लागते. वर्षातून मोजक्याच संध्याकाळी मिळणाऱ्या या सवलतीला गर्दी किती होत असेल, याची कल्पना आपण करू शकाल. चित्रांसमोर शांतपणे उभे राहू इच्छिणाऱ्या मुलीला आयुष्यातील पहिले लूव्र त्या गर्दीत दाखवावे, असे मला वाटत नाही. पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी नाही.

तिकिटे अजून काढलेली नसती, तर माझे उत्तर वेगळे आले असते. तारीख निवडण्याचे स्वातंत्र्य असताना ती मोफत दिवसाशी जुळवून घेण्यात काहीच खर्च नाही, त्यामुळे तेव्हा तो विचार अवश्य करावा. एकदा तिकीट काढले की त्याच स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागते, आणि ती आपल्याला विमान कंपनीने लेखी कळवलेली आहे.

आता पासचा विचार करू. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, टेट मॉडर्न, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि सायन्स म्युझियम या सर्वांचे कायमस्वरूपी संग्रह वर्षभर मोफत पाहता येतात. शुल्क असते ते केवळ विशेष प्रदर्शनांना. शहराच्या पासमधून फायदा होतो तो लंडन टॉवरसारख्या सशुल्क ठिकाणी. आपण पाठवलेल्या यादीत अशी ठिकाणे नाहीत, संग्रहालयेच आहेत. त्यामुळे लंडनचा पास घेण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

पॅरिसचा संग्रहालय पास दोन, चार किंवा सहा सलग दिवसांचा मिळतो, आणि यजमानांनी चार दिवसांचा निवडला आहे. पॅरिसमध्ये आपला मुक्काम तीन रात्रींचा आहे आणि सशुल्क संग्रहालये पाहायची आहेत ती दोनच. त्या दोघांची सुटी तिकिटे माणशी ४८ युरोंची होतात. चार दिवसांच्या पासची किंमत याच्या बरीच वर जाते. कन्येसाठी तर पास घेणे म्हणजे मोफत प्रवेशावर पैसे भरणे होय. लूव्रसाठी पास असला तरी वेळेचे आरक्षण वेगळे करावे लागते, म्हणजे यजमानांना ज्या धावपळीची चिंता आहे ती पासमुळे पूर्णपणे टळत नाही. पास घेतल्यावर तो वसूल करण्याचा जो दबाव मनावर येतो, तो मला किमतीपेक्षाही अधिक नुकसानकारक वाटतो. पैसे तर गेलेले असतात. तरीही ते वाया जाऊ नयेत म्हणून माणूस दमलेला असताना तिसऱ्या संग्रहालयात शिरतो आणि तेथील काहीही त्याच्या लक्षात राहत नाही.

पासच्या नेमके उलट मोफत संग्रहालयाचे असते, आणि आपल्या सहलीचा खरा लाभ मला तेथे दिसतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आपली कन्या सकाळी केवळ व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रासमोर अर्धा तास बसली, वहीत पेन्सिलने काही रेखाटने केली आणि दमल्यावर आपण सर्व बाहेर पडलात, तर एक पैसाही वाया जात नाही. दुपारी समोरच्या चौकात विश्रांती घेऊन पुन्हा आत जाता येते. शुक्रवारी तर ते दालन रात्री नऊपर्यंत खुले असते. दुसऱ्या दिवशी तेच चित्र पुन्हा पाहावेसे वाटले, तरी हरकत नाही. तिकीट काढलेल्या ठिकाणी हे करता येत नाही, कारण बाहेर पडल्यावर पुन्हा आत जायचे तर बहुधा नवे तिकीट लागते. शिकणाऱ्या मुलीसाठी एकच चित्र तीन वेळा पाहण्याची ही मुभा फार मोलाची आहे. म्हणून आपल्या दहा रात्रींपैकी लंडनच्या वाट्याला चार आल्या आहेत, त्या तशाच राहू द्याव्यात.

मोफत प्रवेश टिकाऊ आहे की तात्पुरता, हे त्याचे पैसे कोण भरते यावरून ठरते. ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये लोकांसाठी उघडले तेव्हापासून, १९७४ मधील काही महिन्यांचा अपवाद वगळता, त्याच्या सर्वसाधारण प्रवेशाला शुल्क राहिलेले नाही. ज्या राष्ट्रीय संग्रहालयांनी मध्यंतरी शुल्क लावले होते, तीही डिसेंबर २००१ पासून पुन्हा मोफत झाली. हा खर्च सरकारी अनुदानातून भागतो आणि या व्यवस्थेला पुष्कळ वर्षे झाली आहेत, म्हणून तिच्यावर विसंबून बेत आखता येतो. बर्लिनमध्ये २०२१ साली महिन्याचा पहिला रविवार मोफत करण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि शहराच्या तिजोरीला कात्री लागताच २०२४ अखेर तो बंदही पडला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एकेकाळी प्रत्येकाला स्वेच्छेने रक्कम देता येत असे. मार्च २०१८ पासून ती सोय त्या राज्याच्या रहिवाशांना आणि आसपासच्या काही विद्यार्थ्यांनाच उरली आहे. पॅरिसमध्येही २६ वर्षांखालील तरुणांना प्रवेश मोफत, असे जे सांगितले जाते, ते युरोपीय रहिवाशांपुरते असते. तेव्हा ऐकीव माहितीवर आकडेमोड करू नये. संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘मोफत कोणासाठी, कोणत्या दिवशी आणि आरक्षणासह की त्याविना’ हे तिन्ही प्रश्न निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासावेत.

पॅरिसमध्येही तारखेवर अवलंबून नसलेला मोफत प्रवेश आहे, आणि आपल्या यादीत तो राहून गेला आहे. शहराच्या मालकीच्या संग्रहालयांचे कायमस्वरूपी संग्रह वर्षभर मोफत असतात. शहराचा इतिहास सांगणारे कार्नावाले, चित्रशिल्पांचे प्ती पाले आणि आधुनिक कलेचे संग्रहालय ही त्यांतील प्रमुख होत. ही तीनही सोमवारी बंद असतात, ओर्सेही सोमवारी बंद असते आणि लूव्र मंगळवारी, एवढे ध्यानात ठेवून तीन दिवसांची वाटणी करावी. लूव्रसाठी बुधवार किंवा शुक्रवार निवडल्यास ते उशिरापर्यंत खुले असल्याचा लाभ मिळेल. ओर्से गुरुवारी रात्रीपर्यंत खुले असते.

माद्रिदमध्ये निवड अधिक नाजूक आहे, कारण तेथे मोफत वेळ जवळपास रोजची आहे आणि तारीख बदलावी लागत नाही. प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात मोफत असते. ऐकायला हे दोन तास वाटतात. प्रत्यक्षात मोफत तिकिटासाठी रांग सहाच्या बऱ्याच आधीपासून लागते. तिकीट हाती येईपर्यंत, सुरक्षा तपासणी होईपर्यंत आणि पिशव्या ठेवून आत जाईपर्यंत सहज अर्धा तास जातो, आणि बंद होण्यापूर्वी दहा मिनिटे दालने रिकामी करण्यास सुरुवात होते. हाती उरतो तो जेमतेम सव्वा तास, आणि त्याआधी रांगेत घालवलेला वेळ वेगळाच. आपल्याला फार वेळ उभे राहणे झेपत नाही, असे आपणच लिहिले आहे. दोन प्रौढांची तिकिटे १५ युरोप्रमाणे ३० युरोंची होतात. कन्या येथेही १८ वर्षांखालील असल्याने मोफत. बेलास्केस, गोया आणि बॉश यांची चित्रे सकाळच्या निवांत वेळी चार तास पाहता येणार असतील, तर हे ३० युरो माझ्या मते संपूर्ण सहलीतील सर्वांत सार्थकी लागणारे पैसे आहेत. ते वाचवू नयेत.

माद्रिदच्याच रेइना सोफिया संग्रहालयाचे मात्र तसे नाही. तेथे पिकासोचे ‘गेर्निका’ आणि त्याच्या आसपासची दालने एवढेच आपल्याला पाहायचे आहे, आणि त्यासाठी संध्याकाळी सात ते नऊ ही मोफत वेळ पुरेशी आहे. ही सवलत सोमवारी आणि बुधवार ते शनिवार मिळते. मंगळवारी संग्रहालय बंद असते, आणि रविवारी मोफत वेळ दुपारी साडेबारा ते अडीच अशी असते.

अशा रीतीने लूव्रचे ६४, ओर्सेचे ३२ आणि प्रादोचे ३० मिळून १२६ युरो, म्हणजे सुमारे १२,६०० रुपये, एवढीच तरतूद प्रवेशशुल्कासाठी लागते. लंडनच्या संग्रहालयांच्या दारात ऐच्छिक देणगीच्या पेट्या असतात. आपण तेथे चार दिवस घालवणार आहात, तेव्हा २,४०० रुपयांपर्यंतची रक्कम त्यासाठी वेगळी काढावी, अशी माझी विनंती आहे. कोणी मागणार नाही, तरीही. एकूण १५,००० रुपये धरावेत. तारखा बदलण्यावर जाणाऱ्या रकमेतून ते वजा केले, तरी २३,००० रुपये आपल्या हाती राहतात. त्यांतील काही भाग पॅरिसमध्ये मध्यवर्ती भागातील राहण्यावर खर्च झाला, तर मला त्यात उधळपट्टी दिसणार नाही. रोजचा येण्याजाण्याचा वेळ आणि भाडे दोन्ही त्यामुळे वाचतात, आणि दुपारी खोलीवर परतून विश्रांती घेणे आपल्याला शक्य होते.

खरेदीचा क्रम असा ठेवावा. लूव्रची वेळ सर्वांत आधी आरक्षित करावी, कारण सोयीच्या वेळा लवकर संपतात. कन्येसाठीही त्याच वेळेचे मोफत तिकीट घ्यावे आणि तिचे पारपत्र वयाचा पुरावा म्हणून सोबत ठेवावे. त्यानंतर ओर्से. प्रादोचे तिकीट माद्रिदच्या आदल्या दिवसापर्यंत थांबवले तरी बहुधा चालते, आणि प्रवासात कोणाची प्रकृती बिघडल्यास तेवढे पैसे अडकून राहत नाहीत. कार्डाने पैसे भरताना यंत्राने रक्कम रुपयांत घ्यावी का असे विचारले, तर नकार देऊन युरो किंवा पौंड निवडावेत. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो, परंतु त्यात विनिमयाचा दर बहुतेक वेळा आपल्याला महाग पडतो. यजमानांनी पास अद्याप घेतले नसतील, तर ही आकडेमोड त्यांना एकदा दाखवावी. घेतले असतील, तर न वापरलेले पास परत करण्याची मुदत आजच तपासावी आणि लंडनचा पास सर्वप्रथम परत करावा.