भागीदारीचा करार आणि ओटीपीचा फोन

सप्रेम नमस्कार,

आपली कन्या बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षात आहे, मैत्रिणीबरोबर निम्मे-निम्मे पैसे घालून ती इन्स्टाग्रामवरून सोलापुरी चादरी विकते, आणि कराराचा विषय काढला की ‘मैत्रिणीवर संशय घेतल्यासारखे होईल’ असे म्हणते, असे आपण कळवले आहे. पदवीनंतर तिने हाच व्यवसाय पूर्णवेळ करावा का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र आधी लिखापढी व्हावी.

आपल्या पत्रातील एका तपशिलाने मला काळजी वाटली. पेज मैत्रिणीच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेले आहे आणि ग्राहकांना पाठवला जाणारा क्यूआर कोड तिच्याच बचत खात्याचा आहे. म्हणजे ओटीपी तिच्या फोनवर येतो, पैसे तिच्या खात्यात पडतात आणि आपल्या मुलीच्या हाती राहतात त्या केवळ वहीतल्या नोंदी. मैत्रीण प्रामाणिकच असेल; पण उद्या तिचे लग्न ठरले, फोन हरवला किंवा घरच्यांनी नोकरीचा आग्रह धरला, तर मेहनतीने जोडलेले ग्राहक एका सिमकार्डात अडकून पडतील. म्हणून फर्मच्या नावाने पॅन आणि चालू खाते काढावे, पैसे काढण्यास दोघींची संमती लागेल अशी व्यवस्था बँकेकडून करून घ्यावी, आणि पेजसाठी धंद्याचा स्वतंत्र क्रमांक व ईमेल घेऊन पासवर्ड दोघींकडे ठेवावा.

१९३२च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार तोंडी भागीदारीही चालते. पण वेगळे काही ठरलेले नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो, मग रात्री जागून पार्सले कोणी बांधली हे पाहिले जात नाही. धंद्यासाठी मैत्रिणीने उधारीवर माल उचलला, तर कारखानदार ती सगळी रक्कम आपल्या मुलीकडेही मागू शकतो. शिवाय फर्मची नोंदणी नसेल, तर करारातील हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही; भागीदारी मोडून हिशेब मागण्यापुरतीच वाट मोकळी राहते. त्यामुळे करार स्टॅम्प पेपरवर करून फर्मची नोंदणी निबंधकांकडे करावी. एखादी बाहेर पडली तर किती दिवसांची सूचना द्यायची, शिल्लक माल कोणत्या भावाने धरायचा आणि पेज कोणाकडे राहायचे, हे त्यात स्पष्ट लिहावे. तयार मसुद्यांत पेजचा उल्लेख बहुधा नसतो.

मुलीवर दबाव आणू नये. मसुदा आधी मैत्रिणीच्या हाती द्यावा आणि तिला हवे ते बदल करू द्यावेत. तिच्याही हक्काचे रक्षण त्याच कागदाने होणार आहे. दिवाळीच्या मालाची उधारी करण्यापूर्वी दोघींच्या सह्या व्हाव्यात, एवढी विनंती.

आपला हितचिंतक