बिर्किर ब्यार्नासन कुठल्याच क्लबात स्टार झाला नाही, मग आइसलँडकडून सर्वात जास्त मॅचेस त्याच्या नावावर कशा?

तुमचा प्रश्न असा आहे की बिर्किर या फुटबॉलरने दहा क्लब बदलले, कुठल्याच मोठ्या क्लबात तो हिरो झाला नाही, तरी आइसलँडच्या पुरुष टीमकडून सर्वात जास्त म्हणजे ११३ मॅचेस तोच कसा खेळला, आणि असं करिअर भारी म्हणायचं की साधारण. मी भारी म्हणेन, अगदी ठामपणे म्हणेन, आणि का ते जरा सविस्तर सांगतो कारण या खेळाडूवर माझा खूप जीव आहे.

मी ऑइल कंपनीच्या कामासाठी नॉर्वेत स्टावांगरला होतो, २००९ च्या शेवटापासून साधारण अडीच वर्षं. तिथे करमणूक म्हणजे काय, पाऊस आणि वारा, आणि त्यातूनही लोक फुटबॉल बघायला जातात. विकिंग हा तिथला क्लब. लोकल ट्रेनने योत्तोवॉगेन स्टेशनला उतरलं की समोरच स्टेडियम, त्यामुळे ऑफिसातल्या नॉर्वेजियन मित्रांबरोबर मीही जायला लागलो. मला तेव्हा एकाही खेळाडूचं नाव माहीत नव्हतं. पण लांब सोनेरी केसांचा एक पोरगा होता, तो थांबायचाच नाही, बॉल आपल्या बॉक्सपाशी असो नाहीतर पलीकडच्या, हा तिथे हजर. मी शेजारच्याला विचारलं हा कोण, तो म्हणाला बिर्किर, आइसलँडचा आहे पण इथेच वाढलाय. बस, तेव्हापासून मी त्याच्या मागे आहे.

इथेच वाढलाय हे महत्त्वाचं आहे बरं का. जन्म १९८८ चा, अकुरेयरीचा. हे आइसलँडच्या उत्तरेचं गाव, तिथल्या के.ए. क्लबात लहानपणी सुरुवात झाली, पण अकरा-बारा वर्षांचा असतानाच घरचे नॉर्वेला आले आणि पुढचं सगळं फुटबॉल तो स्टावांगरच्या आसपास शिकला. म्हणजे बघा, आइसलँडकडून सर्वात जास्त मॅचेस खेळलेला माणूस आइसलँडच्या लीगमध्ये मोठ्यांची एकही मॅच खेळलेला नाही! हे मला कळलं तेव्हा मी दोनदा तपासून पाहिलं होतं.

आणि नावाचं एक सांगतो, कारण आपल्याला ते पटकन समजतं. ब्यार्नासन हे आडनाव नाही. त्याचा अर्थ ब्यार्नीचा मुलगा. आपण मध्ये वडिलांचं नाव लावतो ना तसंच, फक्त त्यांच्याकडे बहुतेकांना पुढे आडनावच नसतं, त्यामुळे तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात, अगदी पंतप्रधानांनासुद्धा. म्हणून मीही इथे बिर्किरच म्हणतोय. त्या टीममध्ये उजवा बॅक पण बिर्किरच होता, बिर्किर माउर सायवार्सन, तोही शंभरच्या वर मॅचेस खेळलेला. दोघांची गल्लत करू नका.

आता क्लब बदलण्याबद्दल. आपण इथून बघताना म्हणतो की टिकत नाही म्हणजे काहीतरी कमी असणार. पण आइसलँडच्या खेळाडूला बाहेर पडण्यावाचून पर्यायच नसतो. २०१६ साली त्या देशाची लोकसंख्या होती साधारण ३ लाख ३० हजार. पूर्ण देशाची! आपल्याकडे एखाद्या जिल्ह्याच्या गावात तेवढी माणसं असतात. घरची लीग छोटी, मोसम उन्हाळ्यापुरता, बरेच खेळाडू नोकरी सांभाळून खेळणारे. २००० सालापासून त्यांनी पूर्ण साइझची इनडोअर मैदानं बांधायला सुरुवात केली, कोच लोकांना युरोपियन लायसन्सचं ट्रेनिंग दिलं, त्यातून पोरं चांगली तयार झाली, पण तयार झाल्यावर पोटापाण्यासाठी बाहेरच जायचं. जाऊन बसायचं कुठे तर जिथे जागा मिळेल तिथे. बिर्किरचं करिअर या नजरेने बघा, मग ते भटकणं वाटत नाही.

विकिंगमध्ये २००६ पासून, मध्ये २००८ ला लोनवर, म्हणजे उसना, बोडो-ग्लिम्टला, आणि २०१२ च्या सुरुवातीला बेल्जियममध्ये स्टँडर्ड लिएज. तिथे काही फार जमलं नाही, सहा महिन्यांत इटलीत पेस्कारा. आता पेस्काराची तेव्हाची अवस्था काय होती बघा. आदल्या वर्षी झेमान कोच असताना वेराती, इम्मोबिले, इन्सिन्ये या तिघांच्या जोरावर ते सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वात वरच्या लीगमध्ये, चढले होते आणि चढल्या चढल्या तिघेही गेले, कोच पण गेला, आणि त्या रिकाम्या घरात हा येऊन पडला. टीम शेवटून पहिली आली, ३८ मॅचमध्ये २२ पॉइंट. पुढचं एक वर्ष साम्पदोरिया, तिथे बराचसा वेळ बेंचवर. मग परत पेस्कारा, आता सेरी बी मध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये. आणि इथे तो खरा उमलला, मिडफिल्डर असून लीगमध्ये दहाच्या घरात गोल, टीम प्लेऑफच्या, म्हणजे वर चढण्यासाठीच्या शेवटच्या मॅचेसच्या, फायनलला. बोलोन्याविरुद्ध दोन मॅच, ०-० आणि १-१, एकही हरले नाहीत, तरी वर गेलं बोलोन्या, कारण नियम असा की बरोबरी झाली तर लीगमध्ये वरच्या नंबरला असलेली टीम चढणार. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

त्यानंतर २०१५ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझल, आणि माझ्या मते क्लबच्या बाबतीत हेच त्याचे सर्वात चांगले दिवस. २०१५-१६ ला लीग जिंकली. युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या नंबरच्या स्पर्धेत फ्लोरेन्सला जाऊन फिओरेंटिनाला २-१ हरवलं, त्यातला बरोबरीचा गोल याचा, आणि गंमत म्हणजे समोरचा कोच पाउलो सोझा काही महिन्यांपूर्वीच बाझल सोडून तिकडे गेलेला. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग, म्हणजे त्यातली सर्वात मोठी स्पर्धा, ग्रुपमध्ये आर्सेनल आणि पीएसजी. म्हणजे अकुरेयरीचा पोरगा, बेल्जियममध्ये जमलं नाही, इटलीत दोनदा पडला-उठला, आणि २८ व्या वर्षी आर्सेनलच्या एमिरेट्स स्टेडियमवर चॅम्पियन्स लीग. हे साधारण करिअर आहे का हो?

जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅस्टन व्हिला. ते तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होते आणि वर जायची घाई झालेली. इथे त्याला एक जागा कधी मिळालीच नाही, कधी डावीकडे, कधी मध्ये, कधी डिफेन्सच्या पुढे. २०१८ ला वेम्बलीवर फुलमकडून प्लेऑफ फायनल हरले, २०१९ ला डर्बी काउंटी या क्लबला हरवून चढले, आणि टीम चढली त्याच उन्हाळ्यात याचा करार आपसात संपवला. इंग्लिश लोक त्याला फारसं आठवत नाहीत हे मला माहितीये, तुम्ही बहुतेक त्यामुळेच स्टार झाला नाही म्हणताय.

मग काही महिने कतारमध्ये अल-अरबी. तिथे कोच होता हेमिर हाल्ग्रिम्सन, आइसलँडचा जुना कोच, जो मूळचा दाताचा डॉक्टर, आणि त्याच टीमचा खेळाडू आरोन गुनारसन, आइसलँडचा कॅप्टन, जखमी झाला म्हणून त्याच्या जागी बिर्किरला बोलावलं. घरच्या माणसाने फोन केला आणि हा गेला, एवढं साधं ते दिसतं. जानेवारी २०२० ला परत इटली, ब्रेशिया, आणि मार्चमध्ये कोरोना. लोम्बार्डीत, ज्या भागात सर्वात आधी आणि सर्वात वाईट झालं तिथेच ब्रेशिया आहे. लीग जूनपर्यंत बंद, नंतर सुरू झाली तेव्हा रिकामी स्टेडियम, आणि टीम सेरी आ मधून खाली. तरी तो सोडून गेला नाही, सेरी बी मध्ये तिथेच खेळला. २०२१ ला तुर्कस्तानात अदाना देमिरस्पोर, नुकतेच वरच्या लीगमध्ये आलेले, तिथे बालोटेली, जो ब्रेशियातही त्याच्याबरोबर होता. २०२३ ला विकिंगमध्ये परत आला, मला फोटो बघून स्टावांगरच्या त्या पावसाचा वास आला अक्षरशः, पण थोड्याच महिन्यांत पुन्हा ब्रेशिया. आणि त्या क्लबचं पुढे काय झालं ते बघा, २०२५ ला मोसम संपल्यावर पॉइंट कापले, त्यामुळे टीम खाली गेली आणि मग पैशांअभावी क्लबच बंद पडला. ज्यांना त्यातून वाचायची संधी मिळाली ते साम्पदोरिया, हे पण याचंच जुनं घर.

दहा क्लब, सात देश. पण आता जरा देशाच्या टीमकडे या, खरं उत्तर तिकडे आहे.

२०११ ला डेन्मार्कमध्ये अंडर-२१ युरो झाला, म्हणजे २१ वर्षांखालच्यांची युरोपियन देशांची स्पर्धा, त्यात आइसलँडची जी पोरं होती, गिल्फी सिगुर्डसन, आरोन गुनारसन, कोलबेन, योहान बेर्ग, आल्फ्रेड फिनबोगासन आणि बिर्किर, तीच पुढे मोठ्यांच्या टीमचा कणा झाली. सगळे वेगवेगळ्या देशांत विखुरलेले, वर्षातून पाच-सहा वेळा एकत्र यायचे, पण एकमेकांना पोरवयापासून ओळखणारे. २०१३ ला वर्ल्ड कपच्या प्लेऑफमध्ये क्रोएशियाकडून हरले. मग युरो २०१६ च्या क्वालिफायरमध्ये नेदरलँड्सला घरी आणि बाहेर दोन्हीकडे हरवलं. आणि फ्रान्समध्ये झालेल्या त्या युरोत पाचही मॅचेसला तेच अकरा खेळाडू सुरुवातीला उतरवले, एकही बदल नाही. लागरबेक आणि हाल्ग्रिम्सन या दोन्ही कोचना या अकरा जणांवर तेवढा भरवसा होता. बिर्किर डावीकडे.

१४ जून २०१६, सेंट एतिएन, समोर पोर्तुगाल. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले, मी तोपर्यंत पुण्याला परत आलो होतो, घरात सगळे झोपलेले आणि मी आवाज बंद करून टीव्ही बघतोय. पोर्तुगालच्या नानी या खेळाडूने गोल केला, वाटलं आता चार-पाच खाणार. मग ५० व्या मिनिटाला उजवीकडून योहान बेर्गने बॉल उचलून टाकला, तो सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या पोस्टपाशी आणि तिथे बिर्किर एकटा, बॉल खाली पडायच्या आत आत मारला. १-१. आइसलँडच्या पुरुष टीमचा कुठल्याही मोठ्या स्पर्धेतला पहिला गोल. विकिंगच्या स्टँडवरून पाहिलेला तो पोरगा! मी तोंडावर उशी दाबून ओरडलो. मॅच तशीच संपली, रोनाल्डो नंतर चिडून काय काय बोलला ते तुम्ही वाचलं असेलच.

पुढे ऑस्ट्रियाला शेवटच्या मिनिटाला हरवलं, नीस शहरात इंग्लंडला २-१ ने हरवलं. २०१८ ला वर्ल्ड कप, तोपर्यंत वर्ल्ड कपला पोचलेला लोकसंख्येने सर्वात छोटा देश, आणि पहिल्याच मॅचला अर्जेंटिनाबरोबर १-१. त्या मॅचमध्ये अगदी सुरुवातीला बिर्किरला एक चान्स होता जो बाहेर गेला, तो मी मनातल्या मनात अजूनही आत मारतो.

नंतर टीम उतरली. युरो २०२० चं तिकीट हंगेरीविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत हातातून गेलं, जुने एकेक निघून गेले, २०२१ ला हरणाऱ्या टीमचा कॅप्टनचा पट्टा बिर्किरच्या दंडावर. त्या दिवसांत त्याच्या शेजारी खेळणारी पोरं त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होती. नोव्हेंबर २०२१ ला नॉर्थ मॅसेडोनियाविरुद्ध १०५ वी मॅच, रूनार क्रिस्टिन्सनचा १०४ चा रेकॉर्ड मोडला, आणि पुढे ११३ पर्यंत गेला. कुठल्याही क्लबात बेंचवर असो, क्लब नसो, खाली पडणाऱ्या टीममध्ये असो, देशाने बोलावलं की तो फिट असायचा. मला वाटतं तुमच्या ‘कशा?’ या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. क्लब त्याच्यासाठी कामाचं ठिकाण होतं, बदली झाली की सामान उचलायचं. त्याची टीम एकच होती.

आणि तुम्हाला त्याची एकच मॅच बघायची असेल तर पोर्तुगालची नको, फ्रान्सची बघा. ३ जुलै २०१६, क्वार्टर फायनल, स्टाद द फ्रान्स. हाफ टाइमलाच ०-४. सगळं संपलेलं. बहुतेक लोकांनी इथे टीव्ही बंद केला असेल, दुसऱ्या दिवशी सोमवार होता. पण ८४ व्या मिनिटाला, स्कोअर ५-१ असताना, डावीकडून स्कुलासनचा क्रॉस येतो आणि बॉक्समध्ये हेडर मारायला कोण पोचलेलं आहे ते बघा. ५-२. तेव्हापासून आइसलँडची पुरुष टीम परत युरोला पोचलेली नाही, म्हणजे त्या स्पर्धेतला त्यांचा पहिला गोल त्याचा आणि आजपर्यंतचा शेवटचाही त्याचाच.