‘जर्नीमन’मधली जर्नी कुठली?

एका वाचकाचा प्रश्न आहे: बेसबॉलवरच्या लेखात मॅट स्टेअर्सला ‘जर्नीमन आउटफिल्डर’ म्हटलंय (आउटफिल्डर म्हणजे मैदानाच्या सीमेकडच्या भागातला क्षेत्ररक्षक). त्याचं ‘प्रवासी खेळाडू’ केलं तर चालेल का?

माझ्या मते नको. ही ‘जर्नी’ प्रवासाची नाही. मूळ फ्रेंच शब्द ‘जूर्ने’, म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. युरोपातल्या जुन्या कारागीर संघांत पोराची उमेदवारी संपली की तो जर्नीमन व्हायचा. हातात कसब आलेलं, पण स्वतःचं दुकान नाही. उस्तादाकडे रोजावर काम. आपल्या ‘रोजंदार’मधला फारसी ‘रोज’ही दिवसच. पण रोजंदार म्हटलं की डोळ्यांसमोर पाट्या उचलणारा बिगारी येतो, कसब दिसत नाही. त्यापेक्षा शिंप्याचं दुकान आठवा. पुढे मालक मापं घेतो, आत मशीनवर कारागीर शर्ट शिवतो. काज-बटणापर्यंत काम चोख, पण पाटीवर नाव मालकाचं, आणि सीझन संपला की तो दुसऱ्या दुकानात. जर्नीमन तो.

बेसबॉलमध्ये हा शब्द सतत संघ बदलणाऱ्याला लावतात, त्यामुळे प्रवासाची छटा त्याला नंतर चिकटली, हे खरं. स्टेअर्स कॅनडाचा. 1992 साली माँट्रियलकडून सुरुवात, 2011 साली वॉशिंग्टनकडून शेवट. मधे एक फेरी जपानलाही. 2006 च्या एकाच हंगामात त्याने तीन संघांचे गणवेश घातले. पण 1999 मध्ये ओकलंडसाठी 38 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारणाऱ्याला ‘सामान्य खेळाडू’ म्हणणं अन्यायाचं आहे. कुणी तसं भाषांतर सुचवलं, तर तेही बाद करा.

त्याचं खास कसब होतं बदली फलंदाजाचं. सामनाभर बाकावर बसायचं आणि नेमक्या वेळी थंड अंगाने उठून फटका मारायचा. असे 23 होमरन त्याच्या नावावर आहेत, तो विक्रम आहे. ऑक्टोबर 2008 मध्ये लॉस एंजेलिसला आठव्या इनिंगमध्ये 5-5 बरोबरी असताना तो बदली म्हणून आला आणि चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला. तेव्हा तो चाळिशीचा होता आणि फिलाडेल्फियाच्या संघात येऊन जेमतेम दीड महिना झाला होता. त्याच महिन्यात फिलाडेल्फिया वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकलं.

आता शब्द. ‘बारा गावचं पाणी प्यायलेला’ हा मला फार आवडतो. त्यात फिरणंही आहे आणि फिरून आलेलं शहाणपणही. शिवाय माँट्रियलचाच संघ 2005 मध्ये वॉशिंग्टनला गेला, म्हणून ते दोन एक धरले तर स्टेअर्सचे संघ मोजून बाराच भरतात! मात्र या वाक्प्रचाराला थोडा बेरकीपणाचा वास आहे, आणि एकाच संघात तग धरून बसलेल्या जर्नीमनला तो लागू पडणार नाही. तिथे ‘कसबी’ किंवा ‘कारागीर’ घ्या. ‘आउटफिल्डर’ तसाच ठेवा.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘मॅट स्टेअर्स हा बारा गावचं पाणी प्यायलेला, कसबी आउटफिल्डर.’