गावातले घर, पुण्यातला फ्लॅट आणि न विचारलेला प्रश्न

इंग्लंडमधील रेडिंग येथून एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. ते 44 वर्षांचे असून माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करतात आणि त्यांचा पगार वर्षाला 78,000 पौंड आहे. पत्नी 31,000 पौंड मिळवतात, मुलगी 12 वर्षांची आहे. 2014 पासून हे कुटुंब इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहते. आता त्यांना कॉट्सवोल्ड्समध्ये, मोरटन-इन-मार्शजवळच्या एका खेड्यात, दगडी भिंतींचे जुने घर 4,50,000 पौंडांना मिळत आहे. तिथले बचत खाते व आयसा (इंग्लंडमधील करमुक्त बचत योजना) मिळून 68,000 पौंड आणि भारतात एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईसाठीचे खाते) 72 लाखांच्या मुदत ठेवी आहेत. ‘घर पहिलेच असल्यामुळे मुद्रांक शुल्क केवळ 7,500 पौंड पडेल’, असे लिहून त्यांनी प्रश्न विचारला आहे, की किमतीच्या 25 टक्के रोख भरून 23 वर्षांचे कर्ज घ्यावे, की भारतातील विमा पॉलिसी मोडून 40 टक्के भरावेत. पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीत, जाता जाता, 2012 साली वाकडला घेतलेल्या आणि भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा उल्लेख आहे.

आपण ज्या ओळीला सर्वांत कमी महत्त्व दिले, तिथूनच मला सुरुवात करावी लागेल.

इंग्लंडच्या कायद्याने पहिले घर घेणाऱ्याला जी सवलत दिली आहे, ती ‘इंग्लंडमधील पहिले घर’ घेणाऱ्यासाठी नाही. जगात कुठेही, कधीही, स्वतः विकत घेऊन, भेट म्हणून किंवा वारसाहक्काने ज्याच्या नावे घर आले, त्याला ही सवलत मिळत नाही. त्यामुळे आपले 7,500 पौंड तिथेच संपले; साध्या दराने हिशेब केला तर पहिल्या 1,25,000 पौंडांवर शून्य, पुढच्या तेवढ्याच रकमेवर 2 टक्के आणि उरलेल्या 2 लाखांवर 5 टक्के, म्हणजे 12,500 पौंड होतात. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होते. परंतु खरेदी पूर्ण होण्याच्या दिवशी आपल्या मालकीचे 40,000 पौंड किंवा त्याहून अधिक किमतीचे दुसरे घर जगात कुठेही असेल, तर नव्या घराच्या संपूर्ण किमतीवर आणखी 5 टक्के अधिभार लागतो. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीपर्यंत तो 3 टक्के होता. वाकडच्या फ्लॅटची किंमत आपण 1 कोटी 10 लाख सांगता. सोयीसाठी पौंडाला 120 रुपये धरले तर ती सुमारे 92,000 पौंड होते. म्हणजे अधिभार 22,500 आणि एकूण शुल्क 35,000 पौंड.

आपल्या मित्राने सुचवलेली युक्ती, म्हणजे फ्लॅट पत्नीच्या नावावर करून इंग्लंडचे घर एकट्याच्या नावावर घेणे, इथे चालत नाही, कारण अधिभारासाठी एकत्र राहणारे पती-पत्नी एकच धरले जातात. फ्लॅट वडिलांना बक्षीसपत्राने देण्याची दुसरी सूचना त्याहून महाग आहे. भारतात अशा भेटीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही हे खरे, पण इंग्लंडमध्ये ती बाजारभावाने झालेली विक्रीच मानली जाते. म्हणजे हातात एक पैसा न येता तिथे कर भरायचा आणि भारतात कर भरलेलाच नसल्यामुळे त्याची वजावटही मिळायची नाही. चहाच्या कपाबरोबर मिळणारा करसल्ला फुकट असतो, एवढाच त्याचा गुण.

आता ठेवींकडे येतो, कारण माझ्या मते आपली सर्वांत मोठी चूक तिथे आहे. बँकेतील अधिकाऱ्याने ‘एनआरई ठेवीचे व्याज करमुक्त असते’ असे सांगितले, असे आपण लिहिता. ते भारतापुरते करमुक्त असते. इंग्लंडचा रहिवासी आपल्या जगभरच्या उत्पन्नावर इंग्लंडमध्ये कर देणे लागतो, आणि भारतात करच न लागल्यामुळे वजा करण्यासारखा भरलेला करही नसतो. आपल्या ठेवी 2018 पासूनच्या आहेत. तेव्हापासूनचे व्याज मी ढोबळमानाने 25 लाख रुपये, म्हणजे त्या त्या वर्षीच्या विनिमय दराने साधारण 25,000 पौंड धरतो. आपण 40 टक्क्यांच्या टप्प्यात असल्यामुळे आणि व्याजावरची सूट वर्षाला अवघी 500 पौंड असल्यामुळे मूळ कर साडेआठ ते दहा हजारांच्या आसपास जाईल, आणि त्यावर व्याज व दंड धरून 14,000 पौंड बाजूला ठेवावेत. फ्लॅटचे भाडेही इंग्लंडच्या विवरणपत्रात दाखवायला हवे होते. मात्र त्यावर भारतात भरलेला कर वजा होतो, म्हणून ती रक्कम तुलनेने लहान राहील.

एप्रिल 2025 पर्यंत आपल्यासारख्यांना परदेशी उत्पन्न इंग्लंडमध्ये न आणल्यास त्यावर कर टाळण्याची एक वाट होती, हे मला ठाऊक आहे. परंतु आपल्याएवढ्या रकमेसाठी ती अर्ज करून मागावी लागत असे, आपण कधी मागितली नाही, आणि घरासाठी तेच पैसे इंग्लंडमध्ये आणल्यावर तिचा उपयोगही संपला असता. नव्याने येणाऱ्यांसाठी असलेली चार वर्षांची सवलत 2014 साली आलेल्यांना लागू होत नाही.

‘आजवर कोणी विचारले नाही’ हे आपले वाक्य मला जरा खटकले. भारत आणि ब्रिटन यांच्यात बँक खात्यांची माहिती 2017 पासून आपोआप दिली-घेतली जाते, त्यामुळे कोणी विचारले नाही याचा अर्थ कोणाला माहीत नाही असा होत नाही. शिवाय हे घर घेतानाच आपल्याला विचारले जाणार आहे. सॉलिसिटर (खरेदीचे कायदेशीर काम पाहणारा वकील) आणि कर्ज देणारी संस्था दोघेही पैशाचा उगम मागतात. आपण एनआरई खात्याचे उतारे देणार, त्यात वर्षानुवर्षे जमा झालेले व्याज छापलेले असणार, आणि त्याच वर्षांची विवरणपत्रे त्याबद्दल गप्प असणार. परदेशी उत्पन्न स्वतःहून जाहीर करण्यासाठी ब्रिटिश महसूल खात्याची स्वतंत्र सुविधा आहे. खात्याचे पत्र येण्यापूर्वी तिथे गेले तर दंड बराच कमी लागतो. दोन्ही देशांचे करकायदे हाताळणारा लेखापाल गाठा आणि घरासाठी किंमत देऊ करण्यापूर्वी हे काम सुरू करा.

आता बेरीज. 25 टक्के म्हणजे 1,12,500, मुद्रांक शुल्क 35,000, सॉलिसिटर व सर्व्हे 4,000 आणि जुना कर 14,000. एकूण 1,65,500 पौंड. आपल्याजवळ 68,000 आणि ठेवींचे 60,000 मिळून 1,28,000 आहेत. म्हणजे आपल्या हिशेबात चार हजार पौंड उरत होते, तिथे प्रत्यक्षात साडेसदतीस हजार कमी पडतात.

यातून निघण्याचा सरळ मार्ग म्हणजे वाकडचा फ्लॅट आधी विकणे. ‘तो आमचा भारतातला आधार आहे’ असे आपण म्हणता, म्हणून त्या आधाराचे वजन करून पाहू. 55 लाखांचे 1 कोटी 10 लाख व्हायला 14 वर्षे लागली, म्हणजे वाढ वर्षाला 5 टक्के. त्याच काळात पौंड 85 रुपयांवरून 120 वर गेला, म्हणजे रुपया दर वर्षी सुमारे अडीच टक्क्यांनी घसरला. पौंडात मोजल्यास आपली वाढ अडीच टक्के राहते. 28,000 रुपये मासिक भाडे म्हणजे 3 टक्के, त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च आणि दोन भाडेकरूंमधले रिकामे महिने वजा जाणार. ज्या फ्लॅटचा ताबा 2015 मध्ये मिळाला आणि ज्यात आपण एक रात्रही राहिलेला नाही, तो सांभाळण्यासाठी 22,500 पौंड, म्हणजे 27 लाख रुपये, अधिभार भरणे मला पटत नाही. आईवडील साताऱ्यात स्वतःच्या घरात आहेत, त्यामुळे त्यांच्या निवाऱ्याचाही प्रश्न नाही.

विक्रीवर भारतात नफ्याच्या साडेबारा टक्के, त्यावरचा भारतातील अधिभार व उपकर धरून सुमारे 8 लाख कर लागेल. इंग्लंडमध्ये नफा पौंडात मोजतात: 2012 चे 64,700 आणि आजचे 91,700, म्हणजे 27,000, त्यातून 3,000 ची सूट वजा करून 24 टक्क्यांनी 5,760 पौंड. भारतात भरलेले 8 लाख त्याहून अधिक असल्यामुळे इंग्लंडमध्ये बहुधा वेगळे काही भरावे लागणार नाही. मात्र विक्रेता अनिवासी असल्यास खरेदीदाराला नफ्यावर नव्हे, संपूर्ण किमतीवर टीडीएस (उगमातच कापला जाणारा कर) कापावा लागतो, आणि तो पंधरा-सोळा लाखांवर जाईल. म्हणून प्राप्तिकर खात्याकडून कमी दराने कपातीचा दाखला आधीच मिळवा, नाहीतर आपलेच सात-आठ लाख परतावा येईपर्यंत अडकून पडतील. विक्रीचे पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींची भारतातील मिळकत जमा होणारे खाते) येतील आणि सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रावर ते बाहेर नेता येतील. वर्षाला दहा लाख डॉलरांची मर्यादा आपल्याला आड येत नाही.

एका गोष्टीत चूक होऊ देऊ नका. फ्लॅटची विक्री इंग्लंडच्या घराचा ताबा मिळण्याच्या दिवसापर्यंत पूर्ण झाली पाहिजे. आधीचे राहते घर नंतर तीन वर्षांत विकल्यास अधिभार परत मिळतो, असे आपण कुठेतरी वाचाल. पण ती तरतूद जिथे आपण अलीकडे स्वतः राहत होता त्या घरासाठी आहे, भाड्याने दिलेल्या फ्लॅटसाठी नाही.

कर व दलाली वजा जाता फ्लॅटचे साधारण एक कोटी, म्हणजे 83,000 पौंड येतील आणि आपल्याजवळ 2,11,000 होतील. 25 टक्के रोख, 12,500 शुल्क, 4,000 खर्च आणि 14,000 जुना कर मिळून 1,43,000 गेले की 68,000 उरतात. आपण विचारलेले 40 टक्के भरले, तर हातात पाचशे पौंड राहतील. तेव्हा 25 टक्केच भरा, फार तर 30. पावणेपाच टक्के व्याजाने 3,37,500 पौंडांचा हप्ता महिन्याला सुमारे 2,000 पडेल. आज भाडे 1,700 आहे आणि दोघांचे मिळून हाती 6,400 येतात, त्यामुळे हप्ता झेपेल.

एवढी रक्कम हाती ठेवा असे मी म्हणतो, त्याचे कारण ते घरच आहे. ते लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेल्या इमारतींच्या यादीत दुसऱ्या दर्जाचे आहे. तिथे परवानगीशिवाय खिडकी बदलणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने तसे काही केले असेल, तर पूर्ववत करण्याचा आदेश आपल्यावर येऊ शकतो. छप्पर दगडी पाट्यांचे आहे, ते तसेच ठेवावे लागेल आणि दुरुस्तीवर 20 टक्के व्हॅट लागेल. गावात गॅसची वाहिनी नाही, त्यामुळे तेलावर घर तापवावे लागेल, आणि इंधनाच्या दरावरची सरकारी कमाल मर्यादा तेलाला लागू नाही. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जाते. त्यातले पाणी थेट ओढ्यात सोडण्याची पद्धत नियमांनुसार आता चालत नाही, म्हणून टाकी बदलायची असेल तर ती विक्रेत्याने बदलावी किंवा किंमत उतरवावी. कर्ज देणाऱ्या संस्थेचे मूल्यांकन म्हणजे तपासणी नव्हे. तिसऱ्या पातळीचा संपूर्ण सर्व्हे स्वतःच्या पैशाने, जुन्या दगडी घरांची माहिती असलेल्या माणसाकडून करून घ्या. दुरुस्तीसाठी मी दर वर्षी 4,500 पौंड धरतो, आणि दुसऱ्या मोटारीचा खर्च वेगळा.

जुन्या गावांत जमिनीबरोबर काय येईल याचा नेम नसतो. वॉरिकशायरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो गावी शेतजमिनीच्या मालकांना चर्चच्या वेदीकडील भागाच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा लागेल, असा निर्णय 2003 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने दिला होता. ऑक्टोबर 2013 नंतर नोंद नसलेली अशी जबाबदारी नव्या खरेदीदारावर येत नाही, तरीही सॉलिसिटरला ती तपासायला सांगा.

घराची किंमत दरवर्षी 8 टक्के वाढेल, हे आपले गृहीत मी हिशेबातून काढून टाकले आहे. मागची खोली पर्यटकांना देऊन हप्त्याचा मोठा भाग निघेल, हेही काढले आहे. राहत्या घरातील खोलीच्या भाड्यावर वर्षाला 7,500 पौंडांपर्यंत कर नाही हे खरे, पण कर्ज देणाऱ्याची परवानगी लागेल आणि हिवाळ्यात खोली रिकामी राहील. ते मिळाले तर वरकड समजा.

पॉलिसीबद्दल थोडक्यात. मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून 2020 मध्ये वर्षाला 3 लाखांचा हप्ता आपल्या गळ्यात मारला गेला आहे. आपण पाठवलेल्या तक्त्यावरून परतावा रुपयात 5 टक्क्यांच्या आसपास पडतो, पौंडात अडीच, आणि भारतात मिळणारी करमाफी इंग्लंडला मान्य नाही. विमा म्हणून पाहिले तर 30 लाखांचे कवच, म्हणजे 25,000 पौंड. आपल्यावर कर्ज त्याच्या तेरा पट होणार आहे. इंग्लंडमध्ये कर्जाएवढा मुदत विमा आधी घ्या, आणि तो हाती आल्यावर पॉलिसीचे पुढचे हप्ते थांबवून ती ‘पेड-अप’ करा. मोडून मिळणारी रक्कम घरात घालू नका. आज ती भरलेल्या हप्त्यांहून कमी आहे.

फ्लॅट विकायला सहा-आठ महिने जातील. विक्रेता तेवढा थांबणार नसेल तर हे घर सोडा आणि त्याच परिसरात एक हिवाळा भाड्याने राहून पाहा. रेडिंगला आठवड्यातून दोनदा जाणे आणि मुलीची शाळा कशी जमते तेही कळेल. सॉलिसिटरकडे पहिल्यांदा जाल, तेव्हा वाकडच्या फ्लॅटचे करारपत्र बरोबर न्या आणि त्यांनी विचारण्यापूर्वीच ते टेबलावर ठेवा.