समुद्रात जीव वाचवला, मग पदकाचं काय?

प्रश्न: माझ्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत कोकणात समुद्रात बुडणाऱ्या दोघांना बाहेर काढलं. लहानपणापासून रामकुंडात उड्या मारलेला पोरगा तो. अशांना सरकारी पदक मिळतं का? अर्ज कुठे करायचा?
– एक मामा, पंचवटी, नाशिक

उत्तर: मामा, आधी भाच्याची पाठ थोपटा! मिळतं ना, जीवन रक्षा पदक, 1961 पासून देतायत. तीन दर्जे आहेत, सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं जीवन रक्षा पदक, आणि बुडणाऱ्याला वाचवणं त्यात स्पष्ट बसतं. शिफारस राज्य सरकारकडून केंद्रीय गृह खात्याकडे जाते, म्हणून कलेक्टर ऑफिसला लेखी द्या, सोबत पोलिसांतली नोंद, वाचलेल्यांचे जबाब, पेपरातली बातमी असेल तर तीही जोडा. आणि हो, उशीर नको, दोन वर्षांपेक्षा जुनी घटना चालत नाही, आपल्याकडे कागद टेबलावर किती झोपतात ते मी सांगायला नको.

समुद्रात स्वतःचा जीव धोक्यात घालून इतरांना वाचवणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा वेगळा शौर्य पुरस्कार आहे. तो मिळवणारी पहिली बाई आपली भारतीय, कॅप्टन राधिका मेनन, 2016 मध्ये. आदल्या वर्षी जूनमध्ये बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रात 'दुर्गम्मा' बोटीवरचे सात मच्छीमार त्यांच्या टँकरने वाचवले होते.

भाच्याला तो लागू होणं अवघडच वाटतं, पण जीवन रक्षासाठी नक्की प्रयत्न करा.