घरचे तीन कॉम्प्युटर आणि पुण्यातला मुलगा

प्रश्न : इचलकरंजीत आमचं दुमजली घर आहे. खाली हिशेबाचा डेस्कटॉप आणि प्रिंटर, वर एक डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप. इंटरनेट कंपनीचा फायबरचा डबा खाली आहे. वर रेंज मिळेना म्हणून राउटर विकत घेऊन केबलने त्याला जोडला. आता वरच्या कॉम्प्युटरना खालचा प्रिंटर दिसत नाही. मुलाला पुण्याहून हिशेब बघायचा असतो. दुरुस्तीवाल्याने ३३८९ नंबरचं पोर्ट (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची वाट) उघडून दिलं, तरी बाहेरून काही लागत नाही. काय चुकलं?

उत्तर : तुमच्या दोन वेगळ्या अडचणी आहेत. आधी घरातली सोडवा.

केबल नव्या राउटरच्या 'वॅन' खाचेत, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायच्या खाचेत, गेली असणार. तसं केलं की तो राउटर आपलं वेगळं नेटवर्क थाटतो आणि खालचे-वरचे कॉम्प्युटर एकमेकांना शोधू शकत नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (वेगळं नेटवर्क न थाटता फक्त रेंज द्यायची सोय) असेल तर तेवढं चालू करा, काम झालं. नसेल तर फायबरच्या डब्याचा पत्ता बघा. तो १९२.१६८.१.१ असेल, तर नव्या राउटरला १९२.१६८.१.२५० हा पत्ता द्या, मग त्याचं डीएचसीपी (कॉम्प्युटर-मोबाइलना पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि केबल वॅनमधून काढून 'लॅन'च्या, म्हणजे घरातल्या जोडणीच्या, खाचेत घाला. हाच क्रम पाळा. डीएचसीपी आधी बंद केलं, तर राउटरचं पान उघडायलाच त्रास होतो. फायबरच्या डब्यात मात्र पत्ते वाटायची मर्यादा २०० पर्यंत ठेवा, नाहीतर २५० हा पत्ता एखाद्या मोबाइलला मिळेल आणि दोघे भांडत बसतील. प्रिंटर आणि हिशेबाचा डेस्कटॉप यांचे पत्ते तिथेच कायमचे राखून ठेवा.

एवढं करूनही प्रिंटर दिसला नाही, तर विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' आहे का ते पाहा. घरात ते 'प्रायव्हेट' हवं.

आता पुण्याचं. फायबरच्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा पत्ता वाचा. तो १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. अशा जोडणीत तुम्ही पोर्ट कितीही उघडा, बाहेरची हाक तुमच्या घरापर्यंत येतच नाही. आणि पोर्ट लागलं नाही हे बरंच झालं. ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायच्या विंडोजच्या सोयीचं, सर्वांना माहीत असलेलं पोर्ट आहे. ते इंटरनेटवर उघडं दिसलं की पासवर्ड ओळखू पाहणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस त्यावर आपटत राहतात. हिशेबाच्या कॉम्प्युटरला हा धोका कशाला? डब्यातला तो नियम आजच काढून टाका.

त्याऐवजी टेलस्केल वापरा. दूरदूरचे कॉम्प्युटर खाजगी जोडणीने एकमेकांना जोडणारा हा प्रोग्रॅम आहे. घरगुती वापराला त्याची मोफत योजना पुरते. ते घरातून बाहेर जोडणी करतं, त्यामुळे पोर्ट उघडावं लागत नाही. हिशेबाच्या डेस्कटॉपवर आणि मुलाच्या लॅपटॉपवर ते घालून दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा. त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावाच. डेस्कटॉपला टेलस्केलकडून १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळेल, वरच्या वॅनच्या पत्त्याशी त्याचा संबंध नाही. मुलाने रिमोट डेस्कटॉपमध्ये तो टाकायचा.

इथे चार ठिकाणी गाडी अडते. विंडोज 'होम' असेल तर रिमोट डेस्कटॉपने त्या कॉम्प्युटरवर येता येत नाही, 'प्रो' लागतं. होमवर क्रोम रिमोट डेस्कटॉप चालतं. दुसरं, विंडोजचा पिन चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. तिसरं, टेलस्केलची लॉगिन मुदत मुळात १८० दिवसांची असते. ती संपली की डेस्कटॉप अचानक गायब होतो. ॲडमिन पानावर त्या कॉम्प्युटरपुरती मुदत बंद करा, आणि डेस्कटॉपवरच्या टेलस्केलच्या मेनूत 'रन अनअटेंडेड' (कोणी लॉगिन केलेलं नसतानाही चालू राहायची सोय) चालू ठेवा. चौथं, कॉम्प्युटर झोपला तर कुणीच पोहोचत नाही, म्हणून 'स्लीप' बंद.

एक लक्षात ठेवा, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने मुलगा आत आला की घरचा पडदा लॉक होतो. एका वेळी एकच जण काम करू शकतो.

प्रश्न : लाइट गेली की सगळं बंद पडतं आणि घरात कोणी नसलं तर पुन्हा चालू कोण करणार?

उत्तर : बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर काय करायचं ही सोय असते. तिथे 'पॉवर ऑन' निवडा. फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस लावा, पण आधी डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतील.